नवोदित नाटककाराचा योगक्षेम : जुहूच्या रंगमंचाच्या अनुषंगाने

कवीला कागद मिळाला आणि कादंबरीकाराला प्रकाशक मिळाला म्हणजे त्यांची कृती, निदान तत्त्वतः, पूर्णावस्थेस पोहोचते. नाटककाराची स्थिती ह्याहून निराळी आहे. त्याची संहिता प्रयोगावाचून अर्धीच राहते. आणि प्रयोग म्हटला की तालमीची जागा, नट, दिग्दर्शक, प्रकाशयोजना, नेपथ्य आणि नाट्यगृहाचे भाडे ही सर्व व्यवधाने आली. हा सारा खर्च पहिला प्रेक्षक तिकीट काढण्यापूर्वीच करावा लागतो. ज्याचे नाव कोणाला ठाऊक नाही अशा लेखकासाठी हा खर्च कोणी करावा, हा प्रश्न वाङ्मयीन टीकेच्या कक्षेबाहेरचा म्हणून सहसा बाजूला ठेवला जातो. वस्तुतः एखाद्या काळात कोणती नाटके लिहिली गेली आणि कोणती लिहिलीच गेली नाहीत, ह्याचा उलगडा पुष्कळदा ह्याच प्रश्नाच्या उत्तरात सापडतो.

‘योगक्षेम’ हा आपल्याकडील जुना शब्द येथे उपयोगी पडण्यासारखा आहे. जे मिळालेले नाही ते मिळविणे म्हणजे योग आणि जे मिळाले ते राखणे म्हणजे क्षेम. नवोदित नाटककाराच्या बाबतीत योग म्हणजे पहिल्या नाटकाला रंगमंच लाभणे. क्षेम म्हणजे दुसरे आणि तिसरे नाटक लिहिण्याइतका अवधी हाती उरणे. ह्या दोन गोष्टींची सोय वेगवेगळ्या उपायांनी होते आणि एकीसाठी योजलेला उपाय दुसरीला क्वचितच लागू पडतो. मुंबईच्या उपनगरातील जुहू येथे गेल्या साडेचार दशकांत जे घडले त्यावरून हा भेद विशेष स्पष्टपणे दिसून येतो.

तत्पूर्वी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. विष्णुदास भावे ह्यांनी १८४३ साली सांगली येथे ‘सीतास्वयंवर’ उभे केले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले, आश्रय सुटला आणि मंडळीला पोटासाठी दौऱ्यावर निघावे लागले. १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून प्रयोग झाले. राजाश्रय जाऊन लोकाश्रय आला, असे ह्या घटनेचे वर्णन करण्याची प्रथा आहे. परंतु लेखकाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे असे की पुढील पाऊणशे वर्षे तो नाटक मंडळीचाच घटक राहिला. गोविंद बल्लाळ देवल नटांना तालीम देत असत. राम गणेश गडकरी ह्यांनी उमेदवारीच्या काळात किर्लोस्कर नाटक मंडळीत मुलांना शिकविण्याची नोकरी पत्करली होती. वेतन तुटपुंजे असेल, पण रंगमंच रोज डोळ्यांसमोर होता. कोणता प्रवेश प्रेक्षकांना धरून ठेवतो आणि कोणता लांबतो हे विंगेत उभे राहून पाहता येत होते. नाट्यलेखनाचे शिक्षण आणि नाटककाराचे पोट ह्या दोहोंची सोय एकाच छपराखाली होती. बोलपट आल्यानंतर, १९३०च्या दशकात, ह्या मंडळ्या एकामागून एक बसल्या आणि ते छप्परही गेले. त्यानंतरचा मराठी नाटककार हा मंडळीबाहेरचा मनुष्य आहे.

तो जगला कशावर, हे पाहिले म्हणजे परिस्थितीची कल्पना येते. विजय तेंडुलकर ह्यांनी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून काम केले. महेश एलकुंचवार नागपुरात इंग्रजीचे अध्यापन करीत. सतीश आळेकर पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचे काम करीत असताना ‘महानिर्वाण’ (१९७४) लिहीत होते. गो. पु. देशपांडे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चीनविषयक अभ्यासाचे प्राध्यापक होते. जयंत पवार ह्यांनी पत्रकारिता केली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी नाटकाचा मोठा भाग अशा रीतीने महाविद्यालये, वृत्तपत्रे आणि प्रयोगशाळा ह्यांच्या वेतनपत्रकांवर उभा आहे. ह्या संस्थांनी नाट्यलेखनाला अनुदान दिले असे कोणी म्हणणार नाही. परंतु परिणाम तोच झाला. जेथे अशी नोकरी नव्हती किंवा टिकली नाही, तेथे चिं. त्र्यं. खानोलकरांसारख्या प्रतिभावंताच्या वाट्याला आयुष्यभराची आर्थिक ओढाताण आली. ह्यावरून एक अनुमान सहज निघते आणि ते फारसे सुखद नाही. ज्याला स्थिर नोकरी मिळू शकते, तिच्यात फावला वेळ सापडतो आणि सायंकाळी तालमीला पोहोचता येईल अशा शहरात ज्याचे घर आहे, त्यालाच बहुशः नाटककार होणे शक्य झाले. इतरांची नाटके लिहिलीच गेली नाहीत. त्यामुळे त्यांची मोजदादही होऊ शकत नाही.

आता जुहूकडे वळावे. पृथ्वीराज कपूर ह्यांनी १९४४ साली ‘पृथ्वी थिएटर्स’ ही फिरती नाटक मंडळी स्थापन केली. ‘दीवार’, ‘पठाण’, ‘गद्दार’, ‘आहुति’ अशी समकालीन विषयांवरील हिंदुस्थानी नाटके घेऊन ती सोळा वर्षे देशभर हिंडली आणि अडीच हजारांहून अधिक प्रयोग करून १९६०मध्ये थांबली. मंडळीचा प्रपंच मोठा होता. चित्रपटांतील आपली प्राप्ती पृथ्वीराज तिच्यात ओतीत, आणि प्रयोग संपल्यावर झोळी पसरून नाट्यगृहाच्या दाराशी उभे राहत. ही झोळी पुढे दंतकथेचा विषय झाली हे खरे. तथापि हिशेबाच्या भाषेत तिचा अर्थ सरळ आहे. नव्या नाटकांची फिरती मंडळी केवळ तिकिटांच्या उत्पन्नावर चालत नाही, हे त्या काळच्या सर्वांत लोकप्रिय नटांपैकी एकाला रोज रात्री मान्य करावे लागत होते.

मंडळीला स्वतःचे घर असावे ह्या हेतूने पृथ्वीराजांनी १९६२च्या सुमारास जुहूला भाडेपट्ट्याने जागा घेतली. १९७२मध्ये त्यांचे निधन झाले आणि घर बांधावयाचे राहून गेले. ते काम त्यांचे कनिष्ठ पुत्र शशी कपूर आणि स्नुषा जेनिफर केंडल ह्यांनी हाती घेतले. १९७५मध्ये पृथ्वीराजांच्या नावाने विश्वस्त संस्था स्थापन झाली, वास्तुशास्त्रज्ञ वेद सेगन ह्यांनी आराखडा केला आणि ५ नोव्हेंबर १९७८ रोजी जानकी कुटीर भागात ‘पृथ्वी थिएटर’ उघडले. ह्या दोघांच्या पूर्वायुष्याकडे येथे लक्ष द्यावयास हवे. शशी कपूर पित्याच्या मंडळीत वाढले होते. जेनिफर ह्या जेफ्री केंडल ह्यांच्या ‘शेक्सपिअराना’ ह्या फिरत्या इंग्रजी मंडळीत वाढल्या होत्या. नाटक मंडळीचा खर्च नेमका कोठे वाढतो, हे दोघांनी लहानपणापासून पाहिले होते. नाट्यगृह बांधताना त्यांनी जे निर्णय घेतले त्यांत हा अनुभव उतरलेला दिसतो.

पहिला निर्णय आकाराचा. नाट्यगृह सुमारे दोनशे आसनांचे आहे. रंगमंच प्रेक्षकांमध्ये पुढे आलेला असून तीन बाजूंनी आसने आहेत. चित्रचौकटीचा पडदा नाही; त्यामुळे भरगच्च नेपथ्याची अपेक्षाही नाही. शेवटच्या रांगेतील माणसालाही नटाचा चेहरा दिसतो. दादरच्या श्री शिवाजी मंदिरासारख्या सुमारे हजार आसनांच्या नाट्यगृहात अडीचशे प्रेक्षक आले तर प्रयोग पडला असे म्हणतात. येथे तेवढ्यांना जागाच नाही. अपरिचित लेखकाच्या नाटकाला दीडशे माणसे मिळविणे कठीण असले तरी अशक्य नसते. म्हणजे ‘यशस्वी’ ह्या शब्दाचे माप वास्तुशास्त्रज्ञाने आराखड्यातच खाली आणून ठेवले. दुसरा निर्णय भाड्याचा. विश्वस्त संस्थेने भाडे नाटक मंडळींना परवडेल इतके ठेवले आणि तूट इतर मार्गांनी भरून काढण्याचे धोरण स्वीकारले. आवारातील उपाहारगृह रसिकांच्या गप्पांसाठी प्रसिद्ध आहे. त्याचे दुसरे कार्य असे की नाटक पाहणारा, नाटक करणारा आणि नाटक लिहू इच्छिणारा हे तेथे एकाच बाकावर येऊन बसतात. कंपनीच्या विंगेत पूर्वी जे घडत असे त्याचा थोडासा अंश त्या बाकावर आजही घडतो.

ह्या रंगमंचावर पहिले नाटक झाले ते मराठी लेखकाचे होते, ही गोष्ट मराठी वाचकाला फारशी सांगितली जात नाही. गो. पु. देशपांडे ह्यांचे ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ हे नाटक १९७४मध्ये मराठी रंगभूमीवर आले होते. चार वर्षांनी नसीरुद्दीन शाह, ओम पुरी आणि बेंजामिन गिलानी ह्या तरुण नटांनी त्याचा हिंदी प्रयोग जुहूला केला आणि नव्या वास्तूचा आरंभ झाला. विद्यापीठातील एका प्राध्यापकाची चौकशी हा त्या नाटकाचा विषय. नाच नाही, गाणे नाही, विनोदाची पेरणी नाही. आहे तो वैचारिक संघर्ष. हजार आसनांच्या हिशेबात न बसणारे नाटक दोनशे आसनांच्या हिशेबात बसते, ह्याचा दाखला पहिल्याच दिवशी मिळाला. मराठी संहिता हिंदीत नेण्याची जी वाट होती ती अर्थात त्यापूर्वीच पडलेली होती. सत्यदेव दुबे ह्यांनी आपल्या ‘थिएटर युनिट’तर्फे हिंदीबरोबर मराठी, कन्नड व बंगाली नाटककार मुंबईत एकत्र आणले, आणि पुढे जुहूचे नाट्यगृह हेच त्यांचे मुख्य ठिकाण झाले. दुबे ह्यांच्या कार्यशाळांतून केवळ नट तयार झाले नाहीत. चेतन दातार ह्यांच्यासारखा मराठी नाटककारही त्यांच्याच सहवासात घडला. कोणत्याही योजनेच्या कागदावर नसलेले असे हे साहाय्य आहे. एका दिग्दर्शकाचा हट्ट आणि एक परवडणारे नाट्यगृह एवढ्या दोनच गोष्टी त्याच्या मुळाशी होत्या.

तथापि स्वस्त रंगमंचाची मर्यादाही त्याच्या आकारातच आहे. केवळ उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहावा. दोनशे आसने, प्रत्येकी तीनशे रुपये तिकीट आणि नाट्यगृह पूर्ण भरलेले, अशी सर्वोत्तम परिस्थिती कल्पिली तरी एका प्रयोगाचे उत्पन्न साठ हजार रुपये होते. त्यातून भाडे, जाहिरात, प्रकाश व ध्वनी, नेपथ्याची वाहतूक आणि दहाबारा माणसांचे मानधन द्यावयाचे. लेखकाला शेकडा पाच मिळाले असे धरले तर प्रयोगागणिक तीन हजार रुपये होतात. वर्षात वीस प्रयोग होणे ही प्रायोगिक नाटकाच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट. म्हणजे वर्षाचे साठ हजार. मुंबईच्या उपनगरात एका खोलीचे भाडेही त्यात भागणार नाही. व्यावसायिक रंगभूमीवर नाटक चालले तर प्रयोगसंख्या शेकड्यांत जाते आणि लेखकाचे प्रयोगागणिक मानधन खरोखरच चरितार्थाचे साधन होऊ शकते. परंतु तेथे निर्मात्याला पहिल्या दहापंधरा प्रयोगांतच कल दिसावा लागतो, आणि नव्या लेखकाला एवढीही मुदत क्वचितच मिळते. तात्पर्य, लहान रंगमंच योग घडवितो पण क्षेम सांभाळू शकत नाही. आणि मोठा रंगमंच क्षेम सांभाळू शकतो, पण योग घडू देत नाही. ह्या दोहोंमध्ये जी दरी आहे ती बुजविण्यासाठी महाराष्ट्रात आजवर जे उपाय योजले गेले त्यांचा विचार आता करावयाचा.

सर्वांत विस्तृत उपाय राज्य नाट्यस्पर्धेचा. १९५०च्या दशकाच्या मध्यास सुरू झालेल्या ह्या स्पर्धेने जिल्ह्याजिल्ह्यांतील हौशी मंडळींना दरवर्षी नव्या संहितेची गरज निर्माण करून दिली, हे तिचे निर्विवाद श्रेय होय. तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) हे अशाच गरजेतून घडले. ‘रंगायन’ला स्पर्धेसाठी नाटक हवे होते, अरविंद देशपांडे मागे लागले होते आणि तारीख ठरलेली होती. बक्षिसाच्या रकमेपेक्षा ह्या तीन गोष्टींनी नाटककाराला अधिक दिले. नाटक कोण करणार, कोठे करणार आणि केव्हा करणार हे लिहितानाच ठाऊक असणे, ही नाट्यलेखनाची सर्वांत मोठी शिष्यवृत्ती आहे. स्पर्धेचा दोष असा की तिचे साहाय्य नाटक पूर्ण झाल्यावर, आणि तेही क्रमांक आला तर, मिळते. एक किंवा दोन प्रयोगांनंतर परीक्षकांचा निकाल लागतो आणि संहिता बासनात जाते. ज्या संहितेत तिसरा अंक बिघडलेला आहे पण पहिले दोन विलक्षण आहेत, तिच्यासाठी स्पर्धेच्या नियमांत तरतूद नाही. नव्या लेखकाच्या नाटकाचा तिसरा अंक तर बहुधा बिघडलेलाच असतो.

१९७४पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ने जे केले ते ह्या दृष्टीने अधिक मोलाचे ठरले. अरविंद आणि सुलभा देशपांडे ह्यांनी शाळेचे सभागृह प्रायोगिक संस्थांना अत्यल्प खर्चात खुले केले. तेथे नाटक बिघडले तरी कोणाचे दिवाळे निघत नसे. लेखकाला तो बिघाड प्रेक्षकांसमवेत बसून पाहता येई आणि पुढील प्रयोगात फेरफार करता येई. सुमारे दीड तप ही चळवळ चालली. जुहूचे नाट्यगृह आणि दादरची ही शाळा ह्यांत थाटामाटाचे अंतर पुष्कळ होते, परंतु अपयशाची किंमत कमी करणे हे दोघांचेही मूळ सूत्र एकच होते.

संहिता लिहिली जात असतानाच लेखकाच्या पाठीशी उभे राहण्याचा महाराष्ट्रातील सुसंघटित प्रयत्न पुण्यात झाला. ‘घाशीराम कोतवाल’च्या वादानंतर १९७३मध्ये स्थापन झालेल्या ‘थिएटर अकॅडमी’ने फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने १९८५ ते १९९४ ह्या काळात नाटककार विकास योजना आणि प्रादेशिक नाट्यसंस्था विकास योजना राबविल्या. संयोजक सतीश आळेकर होते. नाटककार आणि नाट्यसंस्था ह्या दोन्ही योजना एकाच हाताने चालविल्या गेल्या ह्यात योजकाची दृष्टी दिसते. कारण पुण्यामुंबईबाहेरच्या लेखकाला लेखनाचे मार्गदर्शन मिळाले आणि त्याच्या गावी नाटक करणारी संस्थाच नसली, तर ते मार्गदर्शन व्यर्थ जाते. १९९४मध्ये हे अर्थसाहाय्य थांबले. परदेशी प्रतिष्ठानाच्या पैशावर चालणाऱ्या कार्याला जी मर्यादा असते ती ह्याही कार्याला होती. देणगीदाराचे धोरण बदलले की योजनेची मुदत संपते. लेखकाच्या वाढीची मुदत मात्र त्याच दिवशी संपत नाही.

ह्यानंतर हे सूत्र पुन्हा जुहूला येऊन मिळते, आणि येथे लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरचा इतिहास थोडक्यात देणे अवश्य आहे. १९५६मध्ये जॉर्ज डिव्हाइन ह्यांच्या नेतृत्वाखाली ‘इंग्लिश स्टेज कंपनी’ने ते नाट्यगृह घेतले ते केवळ नव्या नाटककारांसाठी. डिव्हाइन ह्यांनी जाहिरात देऊन नवी नाटके मागविली. शेकडो संहिता आल्या. त्यांतून जॉन ऑस्बर्न ह्या बेकार नटाचे ‘लुक बॅक इन अँगर’ निवडले गेले. आज ते नाटक युगप्रवर्तक म्हणून अभ्यासिले जाते, परंतु आरंभीच्या आठवड्यांत त्याची तिकीटविक्री निराशाजनकच होती. त्यातील काही भाग दूरचित्रवाणीवर दाखविल्यानंतर गर्दी होऊ लागली. सार्वजनिक अनुदानाचा आधार असलेल्या नाट्यगृहाला ती वाट पाहणे परवडले. पुढे तेथे रविवारी रात्री नेपथ्याविना एकच प्रयोग करण्याची पद्धत सुरू झाली. पूर्ण तालीम, खरे नट, खरे प्रेक्षक, पण सजावट नाही आणि खर्च नाममात्र. नाटककाराला आपली चूक दिसावी एवढ्यापुरता तो प्रयोग असे.

ह्या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय विभागाच्या प्रमुख एलिस डॉजसन (मृत्यू २०१८) ह्यांनी भारतात नाट्यलेखनाच्या कार्यशाळा घेतल्या. राहुल द कुन्हा, शेरनाझ पटेल आणि रजित कपूर ह्यांच्या ‘रेज’ ह्या मुंबईतील संस्थेने त्यांना जोडून ‘रायटर्स ब्लॉक’ हा उपक्रम उभारला, आणि त्यातून तयार झालेल्या नाटकांचे महोत्सव जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये भरले : पहिला २००४मध्ये, दुसरा २००७मध्ये, तिसरा २०१२मध्ये. इंग्रजी, हिंदी आणि मराठी अशा तिन्ही भाषांतील तरुण लेखक त्यांत होते. इरावती कर्णिक आणि मनस्विनी लता रवींद्र ह्यांच्यासारख्या मराठी लेखिका ह्या वाटेने गेल्या.

ह्या कार्यशाळांची रीत नीट पाहण्यासारखी आहे. लेखक प्रथम काही दिवस एकत्र राहतो आणि नाटकाचे बीज घेऊन परततो. काही महिन्यांनी पहिला खर्डा घेऊन तो पुन्हा येतो. तो खर्डा नट वाचून दाखवितात, दिग्दर्शक प्रश्न विचारतात. त्यानंतर दुसरा खर्डा होतो, आणि मगच निर्मितीचा विचार. पहिल्या आणि दुसऱ्या खर्ड्यांमधील हे जे अंतर, तेच आपल्या बहुतेक योजनांतून गळलेले असते. स्पर्धा पूर्ण संहिता मागते; अनुदान पूर्ण झालेला प्रयोग मागते; पुरस्कार तर पूर्ण झालेली कारकीर्दच मागतो. अपुऱ्या संहितेला मान्यता देणारी व्यवस्था म्हणून ‘रायटर्स ब्लॉक’चे महत्त्व आहे. नाटककाराला स्वतःचे वाक्य नटाच्या तोंडून अडखळताना ऐकू येणे हा ह्या पद्धतीचा गाभा होय. त्यासाठी इंग्लंडमधून कोणी यावयास हवे असे नाही. देवल हेच रोज ऐकत असत. पण नट आणि जागा ह्यांची दहा दिवसांची तजवीज कोणीतरी करावयास हवी.

ह्या उपक्रमाच्या फलिताचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी नजरेआड करता येणार नाहीत. एक, महोत्सवांमधील अंतर. २००४, २००७, २०१२ ही सालेच पुरेशी बोलकी आहेत. पंचविशीत पहिले नाटक लिहिलेला लेखक पुढील फेरीपर्यंत तिशीला येतो, आणि मधल्या काळात घरभाडे त्याची वाट पाहत नाही. दुसरी गोष्ट स्थानमाहात्म्याची आहे. जुहूच्या नाट्यगृहापासून थोड्याच अंतरावर चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या निर्मात्यांची कार्यालये आहेत. नव्या नाटकाला येणाऱ्या प्रेक्षकांत त्या व्यवसायातील माणसे हमखास असतात, आणि चांगला संवाद लिहिणारा हात त्यांच्या लगेच ध्यानात येतो. अनुवब पाल ह्यांचे ‘द प्रेसिडेंट इज कमिंग’ हे २००७च्या महोत्सवातील नाटक १९०–२०० माणसांच्या सभागृहातून निघाले आणि २००९मध्ये चित्रपटही झाले. लेखकाच्या दृष्टीने ही उन्नतीच होय. मालिका किंवा चित्रपट ह्यांचे लेखन करणाऱ्यावर आक्षेप घेण्याचा अधिकार नाटकाला उपाशी ठेवणाऱ्या समाजाला नाही. तरीही रंगभूमीच्या हिशेबात असे दिसते की पहिल्या नाटकाचा धोका रंगभूमीने पत्करला आणि त्याचे फळ दुसऱ्या उद्योगाने घेतले. ज्या चित्रपटांच्या पैशावर पृथ्वीराजांची मंडळी चालली आणि त्यांच्या पुत्राचे नाट्यगृह उभे राहिले, तोच धंदा शेजारच्या आवारातून नाटककार घेऊन जातो. देणेघेणे बहुधा समसमान होत असावे, परंतु ते नोंदविणारी वही कोणी ठेवलेली नाही.

शासकीय साहाय्याची दिशा तपासली तर तेथेही लेखक दाराबाहेरच उभा असलेला आढळतो. महाराष्ट्र शासन व्यावसायिक नाटकांना परीक्षणानंतर प्रयोगागणिक अनुदान देते. ते निर्मात्याच्या हाती जाते. केंद्र शासनाच्या सांस्कृतिक मंत्रालयाची रंगमंडळांना मिळणारी मदत गुरू आणि कलावंत ह्यांच्या मानधनासाठी असते. कागदोपत्री लेखकाला त्यातून वगळलेले नाही, पण कोणत्याही रकान्यात त्याचे नावही नाही. पाठ्यवृत्त्या आहेत, त्यांचा उपयोग मोठा होऊ शकतो हे तेंडुलकरांच्या उदाहरणावरून दिसते. १९७४–७५च्या सुमारास त्यांना जवाहरलाल नेहरू पाठ्यवृत्ती मिळाली आणि समाजातील वाढत्या हिंसेचा अभ्यास करण्यासाठी त्यांनी देशभर प्रवास केला. परंतु त्या वेळी ‘सखाराम बाईंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ होऊन गेलेले होते. तेंडुलकर नवोदित राहिलेले नव्हते. पाठ्यवृत्ती नाव पाहून मिळते, आणि नाव होण्यापूर्वीची दहा वर्षे पाठ्यवृत्तीवाचून काढावी लागतात.

ह्या सर्व उपायांपैकी कोणता अनुकरणीय, असा प्रश्न नाट्यसंस्था आणि विद्यापीठांचे नाट्यविभाग ह्यांच्यापुढे आहे. नवे नाट्यगृह बांधणे सर्वांना साध्य नाही. परंतु जुहूलाच मुख्य इमारतीसमोरच्या ‘पृथ्वी हाऊस’ ह्या लहानशा जागेत वाचने आणि चर्चा होतात. तेथे ना नेपथ्य असते ना मोठा खर्च. अलीकडे जवळच्या वर्सोव्यातील आराम नगरात जुन्या बंगल्यांच्या खोल्यांतून चाळीसपन्नास प्रेक्षकांसाठी प्रयोग होऊ लागले आहेत. विद्यापीठांकडे तर सभागृहे आहेत, अभिनयाचे विद्यार्थी आहेत आणि सुट्ट्यांत ही दोन्ही रिकामी असतात. दरवर्षी दोन नव्या लेखकांना सहा महिन्यांचे वेतन, पहिल्या खर्ड्याचे वाचन, दुसऱ्या खर्ड्याचा नेपथ्याविना प्रयोग, आणि त्याच लेखकाला दुसऱ्या नाटकासाठी पुन्हा एकवार बोलावणे : ह्याला लागणारी रक्कम एका व्यावसायिक नाटकाच्या निर्मितिखर्चाहून अधिक होण्याचे कारण नाही. ह्यातील शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे आणि आजवरच्या बहुतेक योजनांतून तीच वगळली गेली. पहिल्या नाटकाचे कौतुक करणारी मंडळी पुष्कळ असतात. लेखकाचे दुसरे नाटक मात्र पडण्याचा संभव अधिक असतो. कारण पहिल्यात वीस वर्षांचा अनुभव ओतलेला असतो आणि दुसऱ्यासाठी सहा महिनेच मिळालेले असतात. ते पडल्यानंतर त्या लेखकाला तिसऱ्यासाठी कोण बोलावणार, हे ज्या योजनेच्या नियमावलीत लिहिलेले असेल अशी योजना महाराष्ट्रात अद्याप व्हावयाची आहे.